पेपर खराब, की काम खराब?

वाचकांचे प्रश्न : डार्करूम

प्रश्न : मी घरच्या डार्करूममध्ये कृष्णधवल फोटो प्रिंट करतो. नुकताच फायबर बेसचा (प्लास्टिकचा थर नसलेला) व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट (गडद-फिकटातला फरक फिल्टरने कमी-जास्त करता येणारा) पेपर, सीलबंद डबा, घेतला. पहिल्याच प्रिंटपासून पांढरा भाग मळकट येतोय. आकाशात एक बारीक फिकट रेघ उमटते आणि मधल्या करड्या छटांमध्ये चट्टे दिसतात. विक्रेता म्हणतो, तुमचा सेफलाइट (डार्करूममधला मंद रंगीत दिवा) तपासा. मित्र म्हणतात, डेव्हलपर (कागदावर चित्र उमटवणारं रसायन) बदल. आधीच्या डब्यातले प्रिंट याच पद्धतीने स्वच्छ निघत होते, त्यातले थोडे कागद अजून शिल्लक आहेत. दोष कोणाचा, हे कसं ठरवायचं?

उत्तर : जुन्या डब्यातले ते थोडे कागद आता प्रिंटसाठी वापरू नका. तुमच्या हातातला सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. खाली सांगितलेली प्रत्येक चाचणी नव्या आणि जुन्या कागदावर एकाच वेळी, एकाच ट्रेमध्ये करा. जुना स्वच्छ आणि नवा मळका निघाला, तर डेव्हलपर, पाणी, तापमान या सगळ्यांवरचा संशय एका झटक्यात संपतो.

तुमच्या तक्रारी तीन आहेत आणि तिन्हींचं कारण एकच असेल असं धरून चालू नका. इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आधी मळकट पांढरा. सेफलाइटसुद्धा बंद करून, मिट्ट काळोखात, गठ्ठ्याच्या मधला एक कागद काढा. वरचा घेऊ नका, त्याला डबा उघडताना उजेड लागलेला असू शकतो. कागदाचे दोन तुकडे करा. एक थेट फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात) टाका. दुसरा डेव्हलपरमध्ये पूर्ण वेळ ठेवून मग स्टॉप बाथ (डेव्हलपरचं काम थांबवणारं द्रावण) आणि फिक्सर. दोन्ही धुवून, पूर्ण वाळवून, दिवसाच्या उजेडात एकाची कड दुसऱ्यावर ठेवून बघा. ओल्या कागदावर निर्णय घेऊ नका, ओला प्रिंट नेहमी जास्त उजळ दिसतो. फक्त फिक्स केलेला तुकडा म्हणजे त्या कागदाचा खरा पांढरा. डेव्हलप केलेला त्याच्यापेक्षा करडा असेल आणि जुना कागद त्याच डेव्हलपरमध्ये पांढराच राहिला असेल, तर नवा कागद तुमच्याकडे यायच्या आधीच फॉग झालेला, म्हणजे चित्राशिवायच करडा पडलेला आहे. करडेपणा फक्त कडेला असेल, तर पाकिटात उजेड शिरला असं समजा.

दोन्ही तुकडे पांढरे निघाले, तर विक्रेत्याच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. पण सेफलाइटची चाचणी लोक करतात तशी करू नका. कोऱ्या कागदावर नाणं ठेवून दिवा लावला आणि काही उमटलं नाही, म्हणून दिवा निर्दोष ठरत नाही. कागदाला काळं पडायला सुरुवात होण्याआधी थोडा उजेड पोटात घ्यावा लागतो, तेवढ्यात सेफलाइटचा हलका उजेड दडून जातो. प्रिंट करताना मात्र एन्लार्जरचा (निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा) उजेड आधीच पडलेला असतो. त्यावर सेफलाइटचा थेंबभर उजेडही दिसतो, आणि तो नेमका फिकट छटांमध्ये दिसतो. म्हणून काळोखात, निगेटिव्ह न लावता, एन्लार्जरखाली कागदाला इतकाच उजेड द्या की डेव्हलप झाल्यावर तो फिकट करडा होईल. मग त्यावर नाणं ठेवा, सेफलाइट लावा आणि प्रिंट करताना कागद जेवढा वेळ उघडा राहतो तेवढा वेळ, समजा 5 ते 7 मिनिटं, थांबा. डेव्हलप पुन्हा काळोखातच. नाण्याचा गोल दिसला, की दोष दिव्याचा.

दिव्याबद्दल आणखी एक. जुने ठरावीक ग्रेडचे (एकच कॉन्ट्रास्ट देणारे) कागद मुख्यतः निळ्या प्रकाशाला दाद देत. व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागद निळ्याबरोबर हिरव्यालाही देतो. त्यामुळे ठरावीक ग्रेडच्या कागदाला चालणारा पिवळसर फिल्टर याला चालेलच असं नाही. फिल्टर वर्षानुवर्षांच्या वापराने विटतातही. दिवा साधारण 15 वॉटचा आणि कागदापासून निदान 1.2 मीटर लांब हवा.

आता रेघ. ही चाचणी मला सर्वांत आवडते, कारण तिच्यात वादाला जागा उरत नाही. निगेटिव्ह काढा, एन्लार्जरचा फोकस ढिला करा आणि एक पूर्ण कागद मध्यम करडा होईल एवढं एक्स्पोजर द्या. त्याआधी कागदाच्या पाठीवर, डब्यात जी कड वर होती तिथे पेन्सिलने हलका बाण काढा. दुसऱ्या कागदावरही तसाच बाण काढा, तो 90 अंशांत फिरवून इझलमध्ये (कागद धरणाऱ्या चौकटीत) ठेवा आणि तेवढंच एक्स्पोजर द्या. वाळल्यावर दोन्ही कागद बाण एका दिशेला करून शेजारी मांडा. रेघ दोन्हींवर बाणाशी त्याच कोनात असेल, म्हणजे कागदाबरोबर फिरली असेल, तर ती कागदातच आहे. इमल्शनचा (प्रकाशाला दाद देणाऱ्या लेपाचा) थर मोठ्या रुंद रोलवर चढवतात आणि मग कागद कापतात. थर देतानाची चूक त्यामुळे रोलच्या दिशेने सरळ धावते आणि गठ्ठ्यातल्या कागदांवर सारखी दिसते. रेघ कागदाबरोबर न फिरता बेसबोर्डच्या (एन्लार्जरखालच्या पाटाच्या) हिशेबाने जागच्या जागी राहिली, तर कंडेन्सर (एन्लार्जरमधलं दिव्याखालचं भिंग) किंवा फिल्टर पुसा. आणि दोन्ही कागद स्वच्छ निघाले, तर निगेटिव्ह भिंगाखाली धरा. फिल्मच्या चकचकीत, इमल्शन नसलेल्या बाजूच्या चऱ्यावर उजेड विखुरतो आणि प्रिंटवर अशीच फिकट रेघ येते. कागदावर बारीक, काळ्या, वेड्यावाकड्या रेघा आल्या असत्या तर मी घासण्याचा संशय घेतला असता. दाबानेही इमल्शन काळं पडतं, चिमटा ओढला तरी पडतं.

चट्ट्यांचं बहुधा उत्तर वेळेत असतं. सेफलाइटखाली प्रिंट आहे त्यापेक्षा गडद वाटतो आणि माणूस तो घाईने बाहेर काढतो. फायबर कागदाला 20 अंश सेल्सियसला 2 ते 3 मिनिटं लागतात, आरसी (प्लास्टिकचा थर असलेल्या) कागदाला 1 मिनिट. (डेव्हलपरच्या बाटलीवर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा.) ताज्या डेव्हलपरमध्ये, ट्रे सतत हलवत, पूर्ण वेळ देऊन एक करडा कागद काढा. तरीही चट्टे आले आणि जुन्या कागदावर आले नाहीत, तर नव्या कागदाला कुठेतरी ओल किंवा उष्णता लागली आहे. सीलबंद म्हणजे ताजा नव्हे. कागदाच्या अनेक डब्यांवर मुदतीची तारीख नसते आणि डबा गोदामात कुठे, किती काळ पडून होता हे सील सांगत नाही.

कागद दोषी ठरला, तर गप्प बसू नका. डब्यावरचा बॅच क्रमांक जपा, डबा फेकू नका. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही लिहा. सोबत चाचणीचे वाळलेले तुकडे पाठवा आणि मूळ काळ्या पाकिटात, उजेड न लागलेले थोडे कागदही, म्हणजे ते स्वतः तपासू शकतील. डेव्हलपर, त्याचं प्रमाण, तापमान, वेळ हे सगळं लिहा. ‘पेपर भिकार आहे’ या वाक्यावर कारखान्यात कोणालाच काही करता येत नाही. बॅच क्रमांक आणि बाणाच्या दिशेत धावणारी रेघ हातात आली, तर करता येतं. कोडॅकने 2005 मध्ये कृष्णधवल कागद बनवणं थांबवलं, हंगेरीतला फोर्टे कंपनीचा कारखाना 2007 मध्ये बंद झाला. उरलेले मोजके कारखाने चांगले चालावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच नुसत्या संशयावरून कोणाचं नाव खराब करू नये आणि सिद्ध झालेला दोष भिडेखातर गिळूही नये.

प्रश्न : जुन्या कागदाचे काही डबे मिळाले आहेत. सगळे करडे पडतात. टाकून देऊ का?

उत्तर : इतक्यात नको. तयार डेव्हलपरमध्ये लिटरमागे 1 टक्का बेन्झोट्रायझोल द्रावण 15 ते 20 मिलिलिटर घालून बघा. फॉग बराच दबतो. कागद मंद होतो, तेव्हा एक्स्पोजर वाढवा. छटा थोडी थंड येईल. ठरावीक ग्रेडचा फायबर कागद या उपायाने पुष्कळदा वापरण्याजोगा होतो. व्हेरिएबल कॉन्ट्रास्ट कागदाचा गेलेला कॉन्ट्रास्ट मात्र पुरता परत येत नाही. काही आरसी कागदांच्या थरातच डेव्हलपर मिसळलेला असतो, ते लवकर पिवळे पडतात आणि त्यांना वाचवण्यात वेळ घालवू नये. असे कागद उन्हात पानंफुलं ठेवून छाप घ्यायला उत्तम, तिथे डेव्हलपर लागतच नाही. डब्यावर ठळक खूण करून ते चांगल्या कागदापासून वेगळ्या कप्प्यात ठेवा.