मुलांच्या फुटबॉल संघाच्या व्यवस्थापकाची नेमकी कामे कोणती?

खेळ शिकवणे हे प्रशिक्षकाचे काम आणि त्याला त्यासाठी मोकळे ठेवणे हे व्यवस्थापकाचे. खेळाडूंची नोंदणी, वयाचे दाखले, शुल्क आणि पालकांना वेळापत्रक कळवणे हे त्यात ओघाने आलेच. खरी कसोटी मात्र सामन्याच्या दिवशी लागते. अकरा जणांच्या सामन्यात संघाकडे किमान ७ खेळाडू नसतील तर नियमानुसार खेळ सुरूच होत नाही, म्हणून कोण येणार हे आदल्या संध्याकाळीच पक्के करावे. शिनगार्ड, म्हणजे नडगीला मार लागू नये म्हणून मोज्याखाली घालायचे कवच, सक्तीचे असल्याने एक जादा जोडी पिशवीत ठेवावी आणि कानातले, अंगठ्या आधीच उतरवून घ्याव्यात. प्रथमोपचार पेटीसोबत कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे याची नोंद हाताशी हवीच. शेवटच्या मुलाला न्यायला कोणी येईपर्यंत व्यवस्थापकाने मैदान सोडू नये.