हडप्पातला शिंगाळा

प्रश्न : हडप्पाच्या उत्खननात समुद्री माशांची हाडं सापडली असं वाचलं. हडप्पा तर पंजाबात. नुसतं हाड पाहून मासा नदीतला की समुद्रातला हे कसं ओळखतात? आणि तिथल्या उन्हात तो न नासता पोचला कसा? घरच्या काट्यांवरून हे थोडंफार शिकता येईल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेते, तो लवकर संपेल. सुकवून! समुद्र हडप्पापासून सरळ रेषेत सुमारे ८५० किलोमीटर. बैलगाडी असो की होडी, ताजा मासा अर्ध्या वाटेतच फेकावा लागला असता. तो खारवून, वाळवून नेला असणार, असं विल्यम बेल्चर या पुरातत्त्वज्ञांनी मांडलं आणि मला ते पटतं. त्यांनी हडप्पाची हाडं तपासली, बलुचिस्तानातल्या सोनमियानी खाडीजवळच्या बालाकोटचीही तपासली. शिवाय पाकिस्तानातले आजचे मच्छीमार मासा कसा धरतात, कसा कापतात, हेही जाऊन पाहिलं. बालाकोट किनाऱ्याकडचं, म्हणून तिथे करकऱ्याची हाडं भरपूर. हडप्पात मात्र मुख्य मासळी नदीचीच, शिवडा, रोहू अशी. समुद्री शिंगाळा वगैरे त्यात अगदी थोडे. घाटावरच्या आठवडी बाजारात सुकटीचा वाटा दिसतो, तेवढंच समजा. ‘हडप्पाचे लोक समुद्री मासळीवर जगत’ असं कुणी लिहिलं तर विश्वास ठेवू नका.

आता हाडाचं. आम्ही अंदाज बांधत नाही, जुळवून पाहतो. प्रत्येक प्रयोगशाळेत ओळख पटलेल्या माशांचे सांगाडे डब्यांत ठेवलेले असतात. मातीतून आलेला तुकडा त्यांच्या शेजारी धरायचा. मासळीबाजारात मी डोकी मागते तेव्हा कोळणींना वाटतं, बाईंनी मांजरं पाळली आहेत. शिंगाळ्याच्या कवटीचा माथा खरखरीत, दाणेदार असतो. पाठीवरचा काटा जाड आणि करवतीसारखा. शिवड्याच्या पाठीवर असा काटाच नसतो. त्यामुळे असा काटा हाती आला की शिवडा बाद. मग नदीतले काटेवाले मासे एकेक करून वगळायचे. सगळे तुकडे बोलत नाहीत. मणक्याचा अर्धा तुकडा आला तर ‘मासा’ एवढंच लिहून मोकळी होते.

इथे एक मेख आहे. शिंगाळ्याची हाडं दणकट, म्हणून टिकतात. त्याच गाठोड्यात बोंबलासारखा मऊ काट्यांचा मासा असता, तर साडेचार हजार वर्षांनी त्याचं काय उरलं असतं? शिवाय १९२०-३० च्या दशकांत मोठमोठी उत्खननं झाली तेव्हा माती सरसकट चाळत नसत. विटा, मुद्रा, मडकी मिळाली, बारीक हाडं मातीबरोबर उकिरड्यात गेली. माझ्या मते जुन्या अहवालातलं ‘मासळी फारशी नाही’ हे वाक्य त्या लोकांच्या जेवणाबद्दल नसून खणणाऱ्यांच्या चाळणीबद्दल आहे. गळ मात्र तेव्हाही नजरेतून सुटले नाहीत, कारण ते तांब्याचे! मोहेंजोदडोत मिळाले, पुढे लोथललाही. हडप्पाच्या एका खापरावर तर खांद्यावरच्या काठीला जाळी लटकवून चाललेला माणूस रंगवलाय, पायाशी मासा आणि कासव.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : येईल, आणि मिरजेत छान येईल. कृष्णेचा शिवडा घ्या, कोकणातून आलेला शिंगाळा घ्या. शिजवण्याआधी लांबी आणि वजन लिहून ठेवा. हाडाच्या मापावरून मासा केवढा होता हे आम्ही काढतो, त्याला हा आधार लागतो, आणि कालवण झाल्यावर वजन सांगता येत नाही. डोकं वेगळं, मीठमसाल्याशिवाय उकळा. जुन्या दातांच्या ब्रशने मांस काढा, सावलीत वाळवा. कवटीत, कानाच्या जागी पांढरे खडे मिळतील, ते फेकू नका. मासा वाढतो तसे त्यांच्यावर थर चढतात, काही जातींत त्यावरून वय आणि मासा कोणत्या ऋतूत मेला हेसुद्धा कळतं. डबीवर जात, तारीख आणि बाजार लिहा.

शिंगाळा साफ करताना पाठीचा आणि बाजूच्या परांचे काटे आधी पक्कडीने मोडून घ्या. ते विषारी असतात, मासा मेलेला असला तरी.