आर्गोचा गिअर अडकलाय? लिव्हरला पाइप लावण्याआधी हे वाचा

तुमची अडचण थोडक्यात अशी: जुनी आठ चाकी आर्गो (जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणारी गाडी), कोहलर कंपनीचं इंजिन, उन्हाळ्यात तळ्यात भरपूर फिरली, मग कॅनडाचा अख्खा हिवाळा शेडमध्ये उभी राहिली. आता लिव्हर ‘लो’मध्ये अडकलाय, न्यूट्रलही मिळत नाही आणि रिव्हर्सही. लिव्हरला पाइप घालून ओढू का, असं तुम्ही विचारलंय. कृपा करून ओढू नका. लिव्हर लांब असल्याने हाताचा साधा जोरही गिअरबॉक्सच्या आत कितीतरी पटीने पोहोचतो. गंजलेली केबल बदलणं हे एका दुपारचं काम आहे. वाकलेला शिफ्ट फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा आतला काटा, बदलायचा तर गिअरबॉक्स बाहेर काढून उघडावा लागतो.

आधी नेमकं कुठे अडकलंय ते शोधायचं. अडकण्याच्या मुख्य जागा तीन: लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतची जोडणी, गिअरबॉक्सचा शिफ्ट शाफ्ट (गिअर बदलताना फिरणारा दांडा) आणि आतले दात. तिन्हींची लक्षणं लिव्हरपाशी सारखीच वाटतात, म्हणून नुसतं लिव्हर हलवून काहीच कळत नाही.

सुरुवातीला गाडी सपाट जागी आणा. चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके लावा, कारण गिअर सुटला की गाडी मोकळी होईल. किल्ली काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि स्पार्क प्लगच्या टोप्या काढून ठेवा. गॅसचा टॉर्च मात्र या गाडीत अजिबात वापरू नका. तिचा तळ पॉलिथिलिनचा आहे आणि चारी बाजूंनी बंद आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचून राहते. गंज सोडवायला उष्णता हवीच असेल तर गरम पाण्यात भिजवलेलं फडकं पुरतं.

आता पहिली चाचणी. गिअरबॉक्सच्या शिफ्ट आर्मला (शिफ्ट शाफ्टवर बसवलेल्या छोट्या दांडीला) जिथे केबल किंवा सळई जोडलेली असते (मॉडेलप्रमाणे दोन्हींपैकी एक असते), तिथली स्प्लिट पिन काढून जोडणी सोडवा. त्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि बॉल जॉइंटच्या बाहेर सळईचे किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवा. नंतर लिव्हर हलवून पाहा. तो अजूनही जड असेल तर दोष केबलचा किंवा लिव्हरच्या बुशचा (लिव्हर ज्यावर फिरतो त्या नळीचा). लिव्हर मोकळा झाला आणि आर्म मात्र हलत नसेल तर दोष गिअरबॉक्सकडे. दोन्ही सहज हलत असतील तर जोडणीचं माप बिघडलंय.

पाण्यात जाणाऱ्या गाडीत पहिला संशय केबलवर घ्यावा. टोकाच्या रबरी टोपीला भेग पडली की आवरणात पाणी शिरतं आणि आतली तार गंजते. कडाक्याच्या थंडीत तेच पाणी गोठतं. गाडी गरम गॅरेजमध्ये काही तास ठेवल्यावर लिव्हर आपोआप सुटला तर तो बर्फच होता, पण केबल बरी झाली असं समजू नका, पाणी आतच आहे. केबल पूर्ण काढून जमिनीवर सरळ ठेवा. आतली तार दोन बोटांनी सरकली पाहिजे. सरकत नसेल तर तेल ओतत बसू नका. आवरणाच्या आत प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर गंजाने ते आधीच खरवडलेलं असतं, तेलाने चार दिवस बरं वाटतं आणि मग केबल अडकते ती नेमकी तळ्याच्या मधोमध. नवी केबल गाडीच्या सीरियल नंबरवरूनच मागवा. कॅनडातल्या न्यू हॅम्बुर्गला १९६७ पासून ही गाडी बनतेय, पण मॉडेलागणिक केबलची लांबी वेगळी असते. बसवताना १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका आणि सायलेन्सरपासून ती लांब ठेवा.

लिव्हरचा बुश जड असेल तर बोल्ट काढा, चिखल-गंज साफ करा, मरीन ग्रीस भरा, एवढं पुरेसं आहे.

आर्मच हलत नसेल तर घाई नको. शिफ्ट शाफ्ट केसिंगमधून जिथे बाहेर येतो तिथे गंजाचं कडं तयार होतं. ते तसंच ठेवून शाफ्ट फिरवला तर गंज सीलची कड कापतो आणि आज सुटलेला गिअर उद्या पाणी आत घेतो. म्हणून आधी तारेच्या ब्रशने आणि मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने शाफ्टचा उघडा भाग गुळगुळीत करा. इंजिनापासून गिअरबॉक्सकडे जाणारा बेल्ट आणि त्याच्या पुली प्लॅस्टिकने झाका, कारण बेल्टला तेल लागलं की तो घसरतो. गंज सोडवणारं तेल २४ तासांत तीन-चार वेळा मारा. मधूनमधून पितळी ड्रिफ्ट (ठोकायची बोथट सळई) ठेवून लहान हातोडीने आर्मच्या बोळ्यावर, म्हणजे तो शाफ्टवर बसतो त्या जाड भागावर हलके ठोके द्या. आर्मच्या टोकावर ठोकू नका, शाफ्ट पिळला जाईल.

शाफ्टला काहीच झालेलं नसतं आणि तरी गिअर सुटत नाही, असंही होतं. तेव्हा आतले दात ताणाखाली एकमेकांत घट्ट बसलेले असतात. या गाडीत एका बाजूची चारही चाकं चेनने एकत्र फिरतात. गाडी चढावर, एखाद्या ओंडक्यावर अर्धी चढलेली असताना बंद केली आणि बेल्ट पुलीत चिकटून राहिला, तर तो ताण दातांवर टिकून राहतो. गिअरला सिंक्रोमेश (दातांचा वेग जुळवणारी रचना) नसल्यामुळे ताण असताना दात बाजूला सरकत नाहीत. उपाय सोपा आहे. बेल्टचं झाकण काढा आणि गिअरबॉक्सवरची, म्हणजे बेल्टने फिरणारी पुली हाताने थोडी पुढे-मागे फिरवा. त्याच वेळी दुसऱ्या कुणाला तरी आर्मवर नुसतं बोटांनी न्यूट्रलच्या दिशेने रेटायला सांगा. पुलीचा खेळ मधोमध आला की ‘टक’ करून गिअर सुटतो. पुली फिरतच नसेल तर आधी बेल्ट उतरवा. पार्किंग ब्रेक सोडून, ओंडके थोडे मागे सरकवून गाडी हाताने डोलवली तरी ताण सुटतो, मात्र तेव्हा गाडीच्या पुढे किंवा मागे कुणी उभं राहू नये.

इतकं करूनही आर्म जागचा हलत नसेल तर डिटेंट तपासा. गिअर जागेवर धरून ठेवायला केसिंगमध्ये स्प्रिंग आणि स्टीलची गोळी असते, वर बोल्ट असतो. बोल्ट सेट स्क्रूसारखा असेल तर किती आटे बाहेर आहेत ते मोजूनच सोडवा. गोळी चुंबकाने बाहेर काढा. ती गंजून बिळात रुतली असेल तर तिथेच अडथळा होता. साफ करून परत बसवताना बोल्ट जास्त आवळू नका. स्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना टेकल्या की गोळीला वर सरकायला जागा उरत नाही, आणि काल चालणारा गिअरही अडकतो. डिटेंट काढूनही आर्म हलला नाही, तर मात्र तिथेच थांबा. आता फोर्क किंवा आतला शाफ्ट पाहायला गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

गिअरबॉक्सचं तेल या निमित्ताने पाहाच. थोडं काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. दुधाळ दिसलं किंवा तळाशी पाणी बसलं, तर गंज आतपर्यंत गेलाय. पाणी बहुतेकदा ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा ये-जा करायच्या भोकातून येतं: तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. तेल बदला, अर्धा तास गाडी चालवा, पुन्हा काढून नवं भरा. एकदा बदलून कोपऱ्यातलं पाणी जात नाही. ब्रीदरला नळी जोडून तिचं टोक पाण्याच्या पातळीच्या बरंच वर बांधा. ही नळी नसेल तर वरची सगळी दुरुस्ती पुढच्या मोसमात पुन्हा करावी लागेल.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण ती नेहमी गिअरच्या नावावर खपते. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतो, पण सुरू असताना खरखर करतो किंवा पडतच नाही, तर दोष लिव्हरचा नाही. आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) जास्त आहे किंवा बेल्ट घट्ट आहे, त्यामुळे गिअरबॉक्सची पुली थांबतच नाही. कोहलरचा आयडल साधारण १२०० आरपीएमच्या आसपास हवा. नवा बेल्ट आखूड आला असेल, पुलींमधलं अंतर बदललं असेल किंवा इंजिनाची पुली गंजून पूर्ण उघडत नसेल, तरी हेच घडतं. पुलीच्या तोंडावरचा गंज साफ करून ब्रेक क्लीनरने पुसा, तिथे ग्रीस नको. आणि इंजिन चालू असताना झाकण काढून हात आत घालू नका.

सगळं सुटल्यावर जोडणी मापात आणा. गिअरबॉक्स न्यूट्रलच्या खाचेत ठेवा, लिव्हर न्यूट्रलच्या मधोमध ठेवा आणि पिन कुठेही न ओढता आपोआप भोकात पडेपर्यंत बॉल जॉइंट फिरवा. मग चेकनट आवळा आणि नवी स्टेनलेस स्प्लिट पिन टाका. प्रत्येक गिअरमध्ये आर्म खाचेपर्यंत पूर्ण जातो ना, ते डोळ्यांनी पाहा. अर्धवट बसलेला गिअर ओझ्याखाली उडतो, दातांच्या कडा गोल करतो, आणि मग कितीही जुळवाजुळव केली तरी तो टिकत नाही. चालवतानाही गाडी पूर्ण थांबल्यावर, इंजिन आयडलवर असतानाच गिअर बदलायचा.

पहिली चाचणी जमिनीवरच घ्या: लो, हाय, रिव्हर्स, प्रत्येक गिअर दहा-बारा वेळा, हलक्या चढावरसुद्धा. रिव्हर्स खात्रीने पडतोय हे पाहिल्याशिवाय पाण्यात उतरू नका, कारण काठावरच्या चिखलातून मागे यायला तोच लागतो. आणि दुरुस्तीच्या वेळी साचलेलं तेल-पाणी काढायला तळाचे ड्रेन प्लग उघडले असतील, तर ते परत लावलेत का, ते उतरण्याआधी हात लावून बघा.