जर्मनीत बाळंतपण: आधी पगाराचे बारा महिने मोजा

तू विचारलंयस की नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी लागली आहे, वर्ष-दीड वर्षात बाळाचा विचार आहे, तर इंदूरची नोकरी सोडून लगेच त्याच्याबरोबर निघावं का, कारण जर्मनीत रजा भरपूर मिळते. मी इंदूरच्याच सुदामानगरची, आता जर्मनीतलीच झाले आहे, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

रजा भरपूर मिळते हे खरं. आईला आणि बाबांना, प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत, नोकरी राखून. पण ती बिनपगारी असते. त्या काळातले पैसे सरकार देतं, त्याला एल्टर्नगेल्ट म्हणतात: हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 65 टक्के, महिन्याला कमीत कमी 300 आणि जास्तीत जास्त 1800 युरो. खरी मेख इथे आहे. हिशोब बाळंतपणाआधीच्या 12 महिन्यांच्या कमाईवर होतो आणि इंदूरचा पगार त्यात धरत नाहीत. इथे चारच महिने नोकरी झाली असेल तर ती चार महिन्यांची कमाई बारानेच भागतात. नोकरीच नसेल तर 300 युरो, आणि इथल्या घरभाड्यापुढे ते कुठच्या कुठे जातात. बाळंतपणाआधी 6 आणि नंतर 8 आठवडे पूर्ण पगार मिळतो, तोही नोकरीवर असलेल्या बाईलाच.

तिकडे तुझ्या हातात काय आहे? पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवडे भरपगारी रजा. ती सोडून तू 300 युरोंवर यावंस असं मला अजिबात वाटत नाही. बाळ लवकर हवं असेल तर इंदूरलाच बाळंत हो, रजा पुरी कर, मग ये. थांबायची तयारी असेल तर इथे येऊन आधी नोकरी धर आणि वर्ष भरू दे. मध्येच दिवस राहिले तर साहेबांना सांगायला घाबरू नकोस. नोकरीच्या सुरुवातीच्या परीक्षेच्या काळातही गरोदर बाईला सहसा काढता येत नाही.

आई येईल, असं तू लिहिलं आहेस. जरूर येऊ दे, डिंकाचे लाडूही येऊ देत, पण पाहुण्याच्या व्हिसावर तिला 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं. म्हणून दिवस राहिल्याबरोबर हेबामे, म्हणजे सुईण, शोधायला लाग. उशीर केला तर मिळत नाही. ती बाळंतपणानंतर घरी येते, सुरुवातीला रोजसुद्धा, आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. आमची यायची ती पिशवीतून हातकाटा काढायची, बाळाला कापडी झोळीत ठेवून उचलायची, वजन वहीत टिपायची, मग माझे टाके बघायची आणि बाळाला छातीशी कसं धरायचं ते हात धरून दाखवायची. परक्या गावात त्या बाईचा केवढा आधार वाटला!

आता नवऱ्याबद्दल. एल्टर्नगेल्टचे महिने 12. दोघांनीही निदान दोन-दोन महिने घेतले तरच ते 14 होतात. त्याने घेतले नाहीत तर ते दोन बुडाले. नव्या नोकरीत कसं मागू, असं तो म्हणेल. मागायचंच. इथे पुरुष सर्रास घेतात. रजेच्या किमान सात आठवडे आधी कंपनीला लेखी कळवावं लागतं. पैशांचा अर्ज वेगळा, आणि मागचे पैसे तीनच महिन्यांचे मिळतात, तेव्हा बाळाचा जन्मदाखला हातात आला की त्याच आठवड्यात अर्ज टाका.