‘पप्पा, तुम्ही मॅचला येऊ नका’

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, फुटबॉलमध्ये डाव्या बगलेला (लेफ्ट विंगला) खेळतो. मॅचला मी कडेला उभा राहून सूचना देतो. परवा म्हणाला, ‘पप्पा, तुम्ही येऊ नका.’ जाणं बंद करू का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : जावा की! पण तोंडाला कुलूप लावून. पास येण्याआधी पोरानं मान वळवून मागं कोण आहे ते बघायचं असतं. नेमकं तेव्हाच तुम्ही ‘मार, मार’ ओरडता आणि तो तुमच्याकडं बघतो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत आपल्या पेठेच्या टीमच्या नावानं घसा फोडा, तिथं चालतंय. पोरांच्या मॅचला नाही.

तुमचं खरं काम बुटांपासून सुरू होतं. ‘पुढच्या वर्षीपण होतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेतले, की पाय आत सरकतो आणि टाचेला फोड येतात. स्वस्तातले घ्या, पण मापाचे. महागड्या बुटांवाचून काही अडत नाही. आपल्या कोल्हापूरचा फुटबॉलपटू अनिकेत जाधव, त्याचे वडील रिक्षाचालक. पोरगं क्रीडा प्रबोधिनीत (सरकारी क्रीडा प्रशिक्षण संस्थेत) गेलं आणि २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळलं.

आणि घरी येताना गाडीवर मॅचचं पोस्टमॉर्टेम नको. भूक लागली का, एवढंच विचारा. मॅचचा विषय तोच काढेल, बहुतेक जेवताना.