मे महिन्यात नॅसने डिस्क बाद केली तर आधी काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या मानेवाड्यात वरच्या मजल्यावर, टीव्हीखालच्या कपाटात चार खणांचा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फाइल साठवणारा डबा. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड-५ (RAID 5: डेटा चारही डिस्कवर अशा तऱ्हेने वाटलेला की एक गेली तरी तो बाकीच्यांवरून परत उभा करता येतो), आत साधारण ७ टीबी डेटा. परवा दुपारी लाईन जाऊन आली तेव्हापासून तो "बीप करून राहिला", तीन नंबरची डिस्क फेल दाखवतो आणि बाकी तिन्हींचं तापमान ५६ ते ५८ अंश आहे. तीन नंबर काढून परत बसवून बघू का, असं तुम्ही विचारलंय.

कृपा करून काढू नका. रेड-५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते आणि ती सवलत संपलेली आहे. आता चुकून दोन नंबरचा ट्रे ओढला गेला, तर सगळा व्हॉल्यूम, म्हणजे चारही डिस्क मिळून झालेली साठवण, बंद पडेल. बरोबर ट्रे काढून परत घातला तरी धोका आहेच. काही नॅस लगेच रीबिल्ड सुरू करतात, काही एका क्लिकवर. रीबिल्ड म्हणजे उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचणं, तेही तासन्‌तास, तेही ५८ अंशांवर. यातली दुसरी डिस्क कमकुवत असेल तर ती नेमकी तेव्हाच मान टाकते. म्हणून आधी डेटा बाहेर काढायचा, दोष कुठे आहे ते नंतर शोधायचं.

त्याआधी उष्णता उतरवा. चालू डिस्क आजूबाजूच्या हवेपेक्षा १० ते १५ अंशांनी गरम राहते. म्हणजे तुमच्या कपाटातली हवाच साधारण ४१ ते ४८ अंशांची आहे. नॅस नीट बंद करून कपाटाबाहेर, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत फरशीजवळ ठेवा, मागे किमान वीतभर जागा सोडा आणि सेटिंगमध्ये पंखा पूर्ण वेगावर करा. वरचा स्लॅब रात्री दहापर्यंत तापलेलाच असतो, त्यामुळे शक्य असल्यास खालच्या मजल्यावर न्या. नॅसच्या डिस्कना कंपन्या साधारण ६०-६५ अंशांची मर्यादा देतात, पण मी ५० च्या वर काम सुरू करू देणार नाही आणि ५५ ला थांबवेन.

कूलरच्या थेट झोतात मात्र ठेवू नका. नुसत्या दमटपणाने फारसं बिघडत नाही. कूलरच्या ताट्यांमधून उडणाऱ्या बारीक थेंबांत आपल्या बोरचे क्षार असतात. ते वाळले की कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर पांढुरका थर बसतो आणि तिथूनच पुढे केबलच्या चुका सुरू होतात.

आता नक्कल. यूएसबी ३ ची ८ टीबीची बाहेरची डिस्क घ्या, सीताबर्डीच्या बाजारात मिळेल. सेकंदाला १२० एमबी धरले तर ७ टीबीला १६ तास लागतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी, म्हणजे घरचे फोटो, दुकानाचे हिशेब, कागदपत्रांचे स्कॅन. सिनेमे सगळ्यात शेवटी. रात्री नऊला सुरू करा, सकाळी ऊन चढल्यावर तापमान बघून थांबवा, रात्री उरलेलं पुढे न्या. कॉपी झाल्यावर पाच-सहा वेगवेगळ्या फोल्डरमधल्या फाइल बाहेरच्या डिस्कवरून दुसऱ्या संगणकावर उघडून बघा.

मग स्मार्टचा (SMART, डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) तक्ता नॅसच्या सेटिंगमध्ये उघडा, चारही डिस्कचा. चार ओळी हव्यात: ५, १९७, १९८, १९९. आकडा शेवटच्या, म्हणजे 'रॉ' स्तंभातला घ्या. सीगेटची डिस्क असेल तर १ आणि ७ या ओळींत अब्जांतले आकडे दिसतील. त्यांची मांडणीच तशी असते, घाबरू नका.

१९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा असलेले सेक्टर. ५ म्हणजे राखीव जागेत हलवलेले. १९८ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले. १९७ किंवा १९८ मध्ये शून्याशिवाय काही असेल तर ती डिस्क बदलायची, त्यात चर्चा नाही. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. त्यात स्कॅनमध्ये पहिली चूक आढळल्यापासून ६० दिवसांत डिस्क जाण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट दिसली. त्याच अभ्यासात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कवर स्मार्टच्या मुख्य चार खुणांपैकी एकही नव्हती. म्हणजे तक्ता स्वच्छ असला तरी बॅकअप लागतोच.

१९९ ची गोष्ट वेगळी. ती डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवरची चूक मोजते. हा आकडा कधीच कमी होत नाही, त्यामुळे आजचा लिहून ठेवा आणि दोन दिवसांनी वाढला का बघा. वाढत असेल आणि १९७ शून्य असेल, तर डिस्क बहुधा धडधाकट आहे. नॅस बंद करून, बाहेरची डिस्क बाजूला ठेवून, तीन नंबर काढा. आधी तिच्यावरचा सिरियल नंबर स्क्रीनवरच्या नंबराशी जुळवा. पट्ट्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा, पंधरा मिनिटं वाळू द्या. परत बसवून रीबिल्ड केल्यावरही आकडा वाढत राहिला, तर खणातला कनेक्टर संशयित.

लाईन परत आल्याच्या क्षणी डिस्क गेली, हे वाचून मला अडॅप्टरचीही शंका येते. डिस्क फिरायला लागताना प्रत्येकी १२ व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते आणि चारही एकदम उठल्या तर उन्हाळ्यात कपाटात शिजलेल्या जुन्या अडॅप्टरचे व्होल्ट खाली पडतात. एखादी डिस्क तेवढ्या वेळात ओळखलीच जात नाही. मल्टिमीटरने चालू भाराखाली मोजा: ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. कमी येत असेल तर आधी अडॅप्टर बदला, तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा.

डिस्क बदलावीच लागली तर सीएमआर (CMR, पट्टे एकमेकांवर न चढवता लिहिणारी) प्रकारची घ्या. एसएमआर (SMR, पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहिणारी) डिस्क रीबिल्डच्या सलग लिखाणात गुदमरते आणि नॅस तिला बाद ठरवतो. २०२० साली उघड झालं की वेस्टर्न डिजिटलच्या साध्या 'रेड' (Red, हे नुसतं नाव, वरच्या रेड-५ शी संबंध नाही) मालिकेतही २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर होत्या. 'रेड प्लस' सीएमआर आहे. खोक्यावरचा मॉडेल नंबर कंपनीच्या पानावर तपासा आणि बसवण्याआधी स्मार्टची विस्तारित चाचणी चालवा, ४ टीबीला सात-आठ तास लागतात. रीबिल्डलाही किमान तेवढेच लागतात, तेव्हा तोही संध्याकाळी आठनंतर सुरू करून वापर बंद ठेवा.

विजेचं आता. घरचा इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लहान यूपीएस त्याची वीज खराब समजून आपल्याच बॅटरीवर जातो आणि बॅटरी संपवतो. नॅसच्या यूपीएसला शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर किंवा थेट मेनची लाइन द्या. नुसत्या इन्व्हर्टरवर ठेवायचा असेल तर त्याची मागची कळ यूपीएस मोडवर हवी. दुसऱ्या मोडमध्ये बदलाला लागणारा वेळ नॅसचा अडॅप्टर बरेचदा सहन करत नाही. सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे यूपीएसची यूएसबी केबल. ती लावल्याशिवाय नॅसला बॅटरी संपतेय हे कळतच नाही. लावून 'पाच मिनिटांनी सुरक्षित बंद' असं ठेवा. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी २५ अंशांसाठी मोजलेली असते आणि दर १० अंशांमागे आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे दोन वर्षं झाली की बदलायची, फुगायची वाट बघायची नाही.

धूळ फेब्रुवारी संपता संपता काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंग जातं. छोटी स्मार्ट चाचणी दर आठवड्याला, विस्तारित चाचणी आणि डेटा स्क्रबिंग (नॅसने सगळा डेटा वाचून तो शाबूत आहे का ते तपासणं) महिन्यातून एकदा, दोन्ही वेगवेगळ्या रात्री. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत स्क्रबिंगची वेळ रात्री ११ ते सकाळी ६ अशी बांधून घ्या.

नक्कल पुरी झाली की चारही डिस्कच्या त्या चार ओळी, १९९ चा दोन दिवसांनंतरचा आकडा आणि अडॅप्टरचे व्होल्ट इथे लिहा. त्याच्याआधी नॅसमध्ये बसवायची नवी डिस्क विकत घेऊ नका.