रात्री रस्त्यात पांढऱ्या कपड्यातली बाई हात करत होती, आम्ही थांबलो नाही. ती हडळ असेल का?

नसेल. आता माझं ऐका.

दहाएक वर्षं झाली असतील. पलूसकडून तासगावला येत होतो, स्प्लेंडरवर मी पुढं, दाजी मागं. पाहुण्यांकडचं जागरण उरकून निघालेलो, पहाटेचे चार, जानेवारीतलं धुकं, दोन्ही अंगाला ऊस. वळणावर लाइट पडला तर रस्त्यात नुसतं पांढरं धड, मुंडकं नाही, पाय नाहीत आणि दोन्ही हात वर. दाजी कानात वरडले, "हाण गाडी, वळून बघू नगंस!" हाणली.

सकाळी स्टँडवर वडापवाला, म्हणजे शीटवर जीप चालवणारा, सांगत होता, पहाटे उसाची बैलगाडी पलटी झाली, बैल जुवाखाली अडकलेला, गाडीवानाची बायको मधी उभी राहून हात करत होती पण दोन गाड्या थांबल्याच नाहीत. त्यातली एक आमची. ऊसतोडीच्या बायका अंगात नवऱ्याचा शर्ट घालतात, पाल्यानं हात कापतात म्हणून. डोक्याला काळी शाल, खाली गडद लुगडं, मग लाइटात दिसणार काय, शर्टच की. बैल गेला म्हणे.

हे दाजींना सांगितलं तर म्हणाले, "ती बाई येगळी, आपल्याला दिसली ती येगळी." आणि संध्याकाळी मलाच तिकाटण्यावर लिंबू-भाताचा उतारा टाकायला लावला. शेजारच्या साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ ला अंनिस, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समिती काढली, आमच्या घरापर्यंत काय ती पोचली नाही. बहिणीचा नवरा, उलट बोलायची सोय नाही, म्हणून टाकला. अॅक्सिलेटर माझ्याच हातात होता, हेही खरंय.

तर थांबावं. सीझनला, दिवाळीनंतर मार्चपर्यंत, उसाच्या पट्ट्यात कोण हात करत असेल तर आधी पुढं गाडी पडलीय का बघा. हां, एकटे असाल, जागा आडरानातली असेल तर उतरू नका, लूटमार करणारेही असतात, पुढच्या वस्तीवर जाऊन ११२ ला फोन लावा. तेवढं तरी करा, आम्ही तेवढंही नाही केलं.

दाजी अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतात. यंदा त्या बाईचे पायही उलटे झाले. अहो दाजी, तुम्ही कधी बघितले पाय? तुम्ही तर डोळे मिटून माझ्या पाठीत तोंड खुपसलेलं, जर्किनची शिवण उसवली होती माझ्या.